ऐकलेला सिनेमा

आत बाया किंचाळल्या, तशी सुंदराबाईंनी दाराच्या पडद्याची कड घट्ट धरली. अकोल्याच्या त्या टॉकीजमध्ये जनाना क्लासच्या दारावर त्यांची नोकरी. पुरुषाला आत सोडायचं नाही, रडकं पोर व्हरांड्यात आणून गप्प करायचं. आत डोकावलं की मॅनेजर खेकसायचा. नऊ वर्षांत त्यांनी शेकडो सिनेमे ऐकले होते, पाहिला एकही नव्हता.

या सिनेमानं मात्र त्यांना झपाटलं. त्यात एक माणूस फार हळू बोलायचा. तो बोलून गेला की थोड्याच वेळात एखादी बाई शेवटचं ओरडायची. मध्ये कुणीतरी खदखदा हसायचं. तेवढ्यापुरतं बाहेर सुंदराबाईंनाही हसू फुटायचं. पण भाकर थापतानाही कानात घुमायचा तो हळू आवाजच. खुनी तोच, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

नेमका त्याच दिवसांत त्यांच्या लेकीला, शालूला, पाहायला मूर्तिजापूरचा देवमन मास्तर आला. गरीब गाय माणूस, मान खाली घालून हळू बोलणारा. त्याचा आवाज ऐकताच सुंदराबाईंनी त्याच्यासाठी आणलेली चहाची बशी तशीच आत परत नेली. शालूला तो आवडला होता, तिनं तसं सांगितलंही.

"हयू बोलनाऱ्याच्या पोटात काय रायते, मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "त्याच्यापरीस अमरावतीहून सांगून आलेला सूर्यभान बरा. खदखदा हासते, मोकया मनाचा हाये."

पंधरा दिवसांत बुद्धवंदना होऊन शालूचं सूर्यभानशी लग्न लागलं.

सिनेमाच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला बाया चारच होत्या. मॅनेजरनं कधी नव्हे ते सुंदराबाईंना आत बसू दिलं. हळू बोलणारा दिसला. तो म्हातारा डॉक्टर होता. प्रत्येक बाईला सावध करायला यायचा बिचारा, आणि एकीनंही त्याचं ऐकलं नाही. त्याच्यामागून जो यायचा, तो उंबरठ्यावर उभा राहून आधी खदखदा हसायचा.

सिनेमा तो, सगळा खोटा, असं मनाला बजावत त्या घरी आल्या. त्यांना जेवण गेलं नाही.

दोन महिन्यांनी शालू माहेरी आली. बाहेर पाऊल वाजलं की दचकायची. सुखात आहेस ना, असं आईनं तीनदा विचारलं.

"हाये ना वं माय," एवढंच ती तीनदा म्हणाली.

चौथ्या दिवशी जावई न्यायला आला. गल्लीच्या तोंडापासूनच त्याचं हसणं ऐकू आलं. शालूनं हातातली वाटी खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकली. सुंदराबाई उठल्या, आणि नऊ वर्षांच्या सवयीनं दारात आडव्या उभ्या राहिल्या.