शेलारच्या पुढची चिंच

चिंचेची निवड केसरीनाथ शेठांनी केली. भिवंडीबाहेरचं शेलार गाव सोडून वाडा गावाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचं भातशेत येतं आणि शेताच्या बांधावर, रस्त्याला खेटून, ती चिंच. सावली मोठी, त्यामुळे मंडपाचा खर्च नाही. टेम्पो उभा राहतो. बारा सायकली एका ओळीत लागतात. शेठांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "इथंच गेली ना रे ती, लडकू?"

लडकू सायकल धरून उभा होता. "असंल," तो म्हणाला.

"असंल नको. लोकांपुढे असंल चालत नाही."

"बरं."

चिंचेचं एवढ्यावर ठरलं.

लडकू केसरीनाथ शेठांच्या कारखान्यात लूम चालवत असे. आदल्या वर्षी, म्हणजे सत्त्याहत्तरच्या भातकापणीला, एका शुक्रवारी तो बायकोबरोबर, कमळबरोबर, तिच्या माहेरी गेला होता. वज्रेश्वरीच्या अलीकडे आत पाडा आहे, तिथे. भिवंडीत लूमला सुटी शुक्रवारी असते. कमळ आईबरोबर शेतात उतरली आणि थोड्याच वेळात पेंढी उचलताना तिला साप चावला. पाय बधिर झाला, असं ती म्हणाली. बस नुकतीच गेली होती. विष उतरवणाऱ्या भगताला आणायला कुणीतरी धावलं, पण लडकू थांबला नाही. कमळच्या आईने, ठमाबाईने, मुलीला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, तिचं डोकं त्याच्या पाठीला टेकवलं आणि जुन्या लुगड्याने दोघांना एकत्र आवळून बांधलं.

"बोलत ऱ्हावा तिच्यासंगं," ठमाबाई म्हणाली. "झोपाया देऊ नका."

तो पाड्यापासून, अंबाडीवरून, थेट भिवंडीपर्यंत बोलत आला. दवाखान्यात लुगडं सोडलं तेव्हा कंपाउंडरने तिचा हात धरून पाहिला आणि ही मघाशीच गेलेली आहे, असं सांगितलं. मघाशी म्हणजे कुठे, हे त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेठांच्या मनात सायकल फेरीचं आलं. भिवंडी ते नाशिक, कसाऱ्याच्या घाटातून. वाटेत गावोगाव थांबून मदत मागायची आणि जमेल त्यातून एक जुनी जीप घ्यायची, मागे आडवं बाकडं बसवून. पाड्यांवरच्या आजारी माणसाला शहरात आणण्यासाठी. कल्पना चांगली होती आणि शेठ ती मनापासून राबवत होते. त्यांनी गावांची नावं काढली, तिथल्या ओळखीच्या माणसांना निरोप धाडले, जेवणाची सोय लावली. झोळीसाठी मागावरून उतरलेलं कोरं कापड दिलं. लूमवरचे बारा जण निवडले. लडकूला कुणी निवडलं नाही, तो त्यात होताच.

सराव शुक्रवारी व्हायचा. शिकवायला चांगदेव होता. नाक्यावर त्याचं तासावर सायकली देण्याचं दुकान होतं. तरुणपणी तो एकदा पुण्यापर्यंत सायकलवर गेला होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि पाना घेऊन बसला. स्टँड काढले. मडगार्ड काढले. चेनकव्हर काढली.

"बारा बारा तास उभे राहता तुम्ही," तो नट फिरवत म्हणाला. "उभं राहायला पाय तयार आहेत तुमचे. फिरवायला कोण येणार, बाप?"

"उस्ताद, मशीन बंद है, आहिस्ता बोलो," इद्रीस म्हणाला. तो लडकूच्या शेजारच्या लूमवर होता. सगळे हसले. लूमवाल्यांत मोठ्याने बोलण्याची सवय सगळ्यांनाच होती. चांगदेव लूमवाला नव्हता, पण त्यांच्याशी बोलून बोलून त्याचाही आवाज चढला होता.

मग लडकूची सायकल पुढे आली. चांगदेवने कॅरिअरच्या नटाला पाना लावला.

"ते राहू दे," लडकू म्हणाला.

"अरे, घाटात याचं मणभर ओझं होईल."

"होऊ दे."

"का? घाटात बायकोला बसवून नेणार आहेस काय?"

कुणी हसलं नाही. चांगदेवने नटावरून पाना काढून घेतला. मग त्याने मागच्या चाकाची हवा पाहिली. हवा बरोबर होती, तरी त्याने पंप लावून चार दट्टे मारले. कॅरिअर राहिलं.

सरावाला ते वज्रेश्वरीपर्यंत जात आणि परत येत. सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे येत. उतारावर ब्रेक न लावता सोडायचं आणि चढावर उभं न राहता बसूनच मारायचं, हे चांगदेव पुनःपुन्हा सांगे. शेठ टेम्पोतून मागे येत. अंबाडीच्या नाक्यावर ते सगळ्यांना थांबवत. नाशिकच्या वाटेवर जे करायचं त्याचाही सराव हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. चौघे कोऱ्या कापडाची चार टोकं धरत, शेठ टेम्पोच्या फळीवर चढत आणि लडकू फळीखाली उभा राहत असे.

पहिल्या वेळी शेठ म्हणाले की या माणसाची बायको या रस्त्यावर गेली. दुसऱ्या वेळी ती चिंचेखाली गेली. तिसऱ्या वेळी तिने चिंचेखाली पाणी मागितलं.

"पाणी चालेल ना?" शेठांनी नंतर टेम्पोशी त्याला विचारलं. "मागितलं असेलच. साप चावल्यावर घशाला कोरड पडते."

"चालेल," लडकू म्हणाला.

भाषण चालू असताना तो ते लूमच्या खडखडाटासारखं ऐकत असे, म्हणजे ऐकत नसे. पण एका शुक्रवारी परत येताना चिंचेजवळ त्याचे पाय आपोआप थांबले आणि त्याला कमळ तिथे पाणी मागताना दिसली. चांगलं स्पष्ट दिसलं. तिचा हात, बांगड्या, झाडाची सावली. त्या दिवशी त्याने मागे वळून पाहिलंच नव्हतं. लुगड्याने बांधलेल्या माणसाला मागे वळता येत नाही. तरी ते दिसलं, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा दिसलं. खरं जे होतं ते तो आठवू लागला की मधे चिंच येऊ लागली.

खरं होतं ते एवढंच. तो बोलत होता. खोलीचं भाडं, लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरची खोडी, यंदाचा तांदूळ, शेजारणीची कोंबडी, जे सुचेल ते. ती हां म्हणत होती. त्याचे कान लूमवर गेलेले होते, बारीक आवाज त्याला लागत नसे. लूमवर शेजारच्याशी बोलताना उत्तर ऐकू येत नाहीच. आपण बोलत राहायचं, तो ऐकतोय असं धरून चालायचं. त्या सवयीने तो बोलत राहिला. शेवटचं हां कधी ऐकू आलं, हे त्याला माहीत नव्हतं. अंबाडीनंतर एकदा नक्की आलं होतं. पुढचं सांगता येत नव्हतं. पाठीवरचं ओझं शेवटपर्यंत तेवढंच होतं.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

श्रावणानंतर केव्हातरी चिंचेच्या बुंध्याशी पान दिसलं. पळसाच्या पानावर भात, तांदळाच्या भाकरीचा तुकडा, सुक्या जवळ्याची चटणी. बाजूच्या दगडाला हळदकुंकू.

"बघा," शेठ टेम्पोतून उतरत म्हणाले. "लोक मानायला लागले."

लडकूने चटणीकडे पाहिलं. जवळ्यात कैरीची सुकी फोड घातलेली होती. तशी चटणी कमळला आवडायची आणि ती एकाच घरात होत असे. ठमाबाई अमावास्येला बसने येऊन पान ठेवून जाते, हे नंतर शेलारच्या हॉटेलवाल्यानेही सांगितलं. तिला चिंचेचं कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. अंबाडीच्या नाक्यावर भाषण झालं की ते संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यांवर पोचत असे.

त्याने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. पुढच्या अमावास्येला पुन्हा पान होतं.

फेरी डिसेंबरात निघाली. शुक्रवार होता. चिंचेला झेंडूच्या माळा आणि पताका, खाली बँडवाले, सतरंजीवर पाहुणे. बाराही जणांनी पांढरे बनियन घातले होते. लडकूच्या हँडलला पुढे पाटी बांधली होती आणि त्याची सायकल सगळ्यांच्या पुढे लावली होती. शेठांचं भाषण व्हायचं होतं तेवढ्यात वाड्याकडून आलेली बस थांबली आणि ठमाबाई उतरली. डोक्यावर छोटी टोपली, तिच्यात भाताचं भांडं, वर फडकं.

"या, या!" शेठ पुढे झाले. "आईंना खुर्ची द्या. निशाण यांच्याच हातून."

ठमाबाईने खुर्चीकडे पाहिलं नाही. ती लोकांतून वाट काढत बुंध्याशी गेली, खाली बसली, पान काढलं, भात वाढला. मग पान हातात तसंच धरून तिने मान वर केली.

"जावाई," ती म्हणाली, "कोनीकडं तोंड व्हतं तिचं? दर बारी इचारीन म्हनते. तोंड व्हतं तिकडं पान ठेवाया पायजे."

लडकू सायकल सोडून तिच्याजवळ गेला. सायकलला स्टँड नव्हता. इद्रीसने ती धरली.

"मना म्हाईत न्हाय, मामी."

"असं कसं? पानी मागतलं तवा थांबला व्हता ना तुमी?"

"न्हाय थांबलो. पानी न्हाय मागतलं तिनं."

"लडकू," शेठ हळू आवाजात म्हणाले, "आत्ता नको."

लडकूला तो आवाज ऐकू गेला नसावा. तो लूमवर बोलतात तसा मोठ्याने बोलत होता आणि सतरंजीवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जात होतं. "हितं गेली का न्हाय तेच मना म्हाईत न्हाय. मी बोलत व्हतो. ती हां म्हनत व्हती. मना ऐकू येत न्हाय बारीक. कवा बंद झाली, मना समजलं न्हाय. अंबाडीच्या फुडं कुठं बी असंल."

ठमाबाई हातातल्या पानाकडे पाहत राहिली. बँडवाल्यांपैकी एकाने उगाच एकदा ताशावर काडी मारली आणि दुसऱ्याने त्याचा हात धरला.

"मंग मी कोनाला जेवू घातलं इतकं म्हैनं?" ती म्हणाली. "ह्या झाडाला?"

"व्हय."

"आन ती उपाशी."



तिने भात पानातून परत भांड्यात घेतला. एकही शीत खाली राहू दिलं नाही. फडकं बांधलं, उठली आणि सायकलीपाशी गेली. कॅरिअरवर हात दाबून पाहिला.

"ह्यो तोच हाय?"

"तोच."

"मना धरील?"

"धरील."

लडकूने हँडलची पाटी सोडली आणि चांगदेवच्या हातात दिली. चांगदेवने ती घेतली. शेठ म्हणाले, "अरे, आणि नाशिक? लोक तुझ्यासाठी थांबलेत पुढे." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते खरोखरच विचारत होते.

"तुमी व्हा फुडं," लडकू म्हणाला.

ठमाबाई टोपली मांडीवर घेऊन कॅरिअरवर एका बाजूला बसली आणि सायकल वाड्याच्या दिशेने निघाली. मागे थोड्या वेळाने बँड वाजला. अकरा जण भिवंडीकडे, नाशिकच्या वाटेला गेले. शेठांनी भाषण केलं. त्यात चिंच होती, पाणी नव्हतं. पुढे ती जीप आली आणि पाड्यांवरची माणसं तिच्यातून दवाखान्यात पोचू लागली. चिंचेखाली आजही कुणी ना कुणी पान ठेवतं.

त्या दिवशी लडकूने सायकल थेट पाड्यावरच्या अंगणात नेली. जिथे लुगडं बांधलं होतं तिथे वळवली. ठमाबाईने भांड्यातला चिमूटभर भात अंगणात टाकला.

"चला," ती म्हणाली. "आन बोला."

"काय बोलू?"

"तवा बोलत व्हता ते."

तो बोलू लागला. खोलीचं भाडं आता वाढलं होतं, पण त्याने जुनंच सांगितलं. जॉबरची खोडी सांगितली. मागून शितं रस्त्यावर पडत होती, ती त्याला दिसत नव्हती. अंबाडीच्या पुढे तो म्हणाला, "तुमी हां म्हनता का न्हाय, मना ऐकू येत न्हाय, मामी."

त्यावर पाठीत एक बुक्की बसली. हलकी, पण नीट कळेल अशी.

मग तो बोलला की हां-च्या जागी बुक्की बसे. शेजारणीच्या कोंबडीला बसली. यंदाच्या तांदळाला बसली. चिंचेपाशी सतरंज्या गोळा करणं चाललं होतं. तिथेही, बाकी सगळीकडे पडलं तेवढंच, चिमूटभर पडलं. शेलारच्या पुढे भात संपला असावा, कारण भांडं रिकामं वाजू लागलं. बुक्क्या चालू राहिल्या.

दवाखान्याच्या फाटकाशी त्याने ब्रेक दाबला आणि पाय टेकला. सांगायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तो गप्प झाला. ठमाबाई उतरली नाही.  मग पाठीत आणखी एक बुक्की बसली.