पानाला धरायचं

बसा, एक गोष्ट सांगतो. मोठी नाही, पण मधे बोलायचं नाही.

तर मिस्तरी गच्चीत उकिडवा बसून, पान्याच्या मुठीनं कपातली माती ठोकत होता. चाळीस वर्षं गॅरेजात काढलेला माणूस, ढिलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. आत खिडकीशी वहिनी, म्हणजे त्याची बायको, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसलेली. ऑपरेशनला चार दिवस झालेले, दुसऱ्या डोळ्याला नुसत्या सावल्या दिसायच्या. वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, अशी डॉक्टरची तंबी. आणि ट्रेमधली टोमॅटोची रोपं नेमकी एकेका कपात हलवायला आलेली.

साधी रोपं नव्हती ती. तिच्या आईच्या परसातलं बी. आई गेली, परस गेलं, बी तेवढं हिनं दरवर्षी धरून ठेवलं. यंदा पुडीत उरलंसुरलं सगळं पेरलं होतं. ही रोपं गेली की वाण संपला.

म्हणून ती खिडकीतून एकेक सांगत होती. आधी येतात ती दोन गुळगुळीत पानं खोटी. त्यांच्यावर खरी दोन फुटली असतील तेच रोप काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. चमच्याच्या दांड्यानं खालून उचलायचं. धरायचं ते पानाला. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेंबला की खेळ खल्लास. मग खोट्या पानांपर्यंत मातीत बसवायचं. मिस्तरीनं यातला शब्दन् शब्द पाळला. फक्त माती ठोकू नका, हे सांगायचं राहिलं. असं कुणी करेल हे त्या बिचारीच्या डोक्यात कुठून येणार?

लावल्यापासून चौथ्या दिवशी तेवीसच्या तेवीस रोपांनी माना टाकल्या. माती दगड झालेली, पाणी वर तुंबलेलं, मुळं गुदमरून गेली. मिस्तरी माझ्या दारात आला तो तोंड पांढरंफटक. म्हणाला, स्कूटर काढ, आणि हिला कळलं तर तुझी-माझी दोस्ती संपली.

नर्सरीत त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. तेवढ्याच उंचीची रोपं हवी होती ना. एकेक रोप मापून, मान वाकडी करून बघणं चाललं होतं. नर्सरीवाली बाई म्हणाली, काका, रोपं नेताय की सून पसंत करताय? मी हसलो, तो नाही हसला. तिनंच त्याला सांगितलं की माती नुसती बोटानं सारायची, कपाला दोन टिचक्या मारायच्या, पाणी खालच्या ताटलीत द्यायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं.

झालं, तेवीस नवीन रोपं गच्चीत उभी राहिली. मिस्तरी रोज सकाळी ताटल्यांत चमच्यानं पाणी घालायचा आणि आत जाऊन बातम्या द्यायचा. आज तिसऱ्यानं पान काढलं, आज कोपऱ्यातला जरा रुसलाय. जाताना एखादा कप आत नेऊन तिच्या हाताशीही धरायचा.

तीन आठवड्यांनी मी गेलो, तर मिस्तरी तिचा चष्मा आणायला बाहेर गेलेला. पट्टी निघाली होती. वहिनी गच्चीत, पाण्याच्या पिंपामागून जुना ट्रे ओढत होती. त्यात एकच रोप. बाकीची हलवली त्या दिवशी त्याला खरी पानं फुटली नव्हती, म्हणून मिस्तरीनं हात लावला नव्हता. ट्रे मागे सारला आणि विसरला. पिंपाच्या गळक्या तोटीवर ते जगलं.

"भाऊजी, याच्या पानाची कड बघा," ती म्हणाली. "बटाट्याच्या पानासारखी. माझ्या आईच्या टोमॅटोला दाते नसतात. त्या तेवीस जणांना आहेत. पट्टी होती तेव्हाच बोटाला लागले."

मी हळूच विचारलं, बोलला का नाहीत?

"चाळीस वर्षांत या माणसानं मला एकदाही फसवलं नाही. पहिल्यांदाच फसवतोय, तेही किती जीव तोडून. मग मी फसायला नको?"

तिनं ते रोप पानाला धरून उचललं आणि कपात लावलं. नर्सरीचं एक काढून माझ्या हातात दिलं, मोजणी चुकायला नको म्हणून. कप रांगेत सरकवला आणि हात धुऊन खुर्चीत जाऊन बसली.

टोमॅटो सगळ्यांनाच लागले. बी मात्र तिनं त्या एकाचंच धरलं, वाळवलं, पुड्या बांधल्या. आता त्या पुड्या मिस्तरी वाटतो. आल्यागेल्याला सांगतो, सासूबाईंचं बी आहे, आणि सांगताना नजर पायाशी. बिचाऱ्याला अजून वाटतं, आपण थाप मारतोय.

तुम्ही आज त्याच्याकडं जाणारच आहात, तर तुम्हालाही एक पुडी देईल. तेवढी मुकाट्यानं घ्या, आणि त्याच्या तोंडाकडे बघून हसू नका.