थांब म्हटलं की थांबायचं

प्रसेनजीतनं पंचशील म्हणायला हात जोडले आणि वरचे पंखे थांबले. माईकही गेला. बौद्धाचार्यांचे ओठ हलत राहिले, पण पहिल्या रांगेपलीकडं काही पोचेना. शिवाजी पेठेतला तो हॉल मे महिन्याच्या दुपारी भट्टीसारखा तापला होता. हुपरीहून आलेलं मुलीकडचं वऱ्हाड लग्नपत्रिकांनी वारा घेऊ लागलं.

हॉलच्या मागं जनरेटर सुरू झाला. दिवे मिणमिणले. मग आतून कुणी हातोडी हाणावी तसा ठणठण आवाज आला आणि सगळं पुन्हा बंद.

"टायमिंग पुढं गेलंय," प्रसेनजीत हात जोडूनच पुटपुटला.

"काय?" शेजारी उभ्या नवरीनं, सोनमनं, विचारलं.

"पंपाचं. डिझेल लवकर पडतंय."

डिझेल इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पण आज पान्याला हात लावणार नाही, असं आईनं, आक्काताईनं, सकाळीच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. अंगातला पांढरा झब्बा आणि पांढरं जाकीट तिनंच इस्त्री करून दिलेलं. त्यात सासरे जयसिंगराव. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेलेला माणूस. पोरीला पर्मनंट नोकरीवाला नवरा मिळावा, एवढंच त्यांचं म्हणणं. सोनम हटून बसली म्हणून ते तयार झाले, पण लग्न ठरल्यापासून जावयाशी थेट एक शब्द बोलले नव्हते. तो समोर बसलेला असला तरी शेजारच्याला म्हणायचे, "मुलाला विचारा, चहा घेणार काय."

मागं पुन्हा ठणठण झालं. प्रसेनजीतनं दात दुखावा तसा चेहरा केला. सोनमनं ते पाहिलं.

"जा तू," ती हळूच म्हणाली. "इथं तुझं लक्ष लागणार न्हाय. बाह्या तेवढ्या वर कर."

मागं हॉलचा रखवालदार गुंडू इंजिनाकडं रागानं बघत उभा होता.

"पंपातनं डिझेल गळत होतं. मीच काल काढून बसवला," तो म्हणाला.

"खाली पातळ पत्र्या होत्या, त्या घातल्या?"

"घातल्या की. दोन जादा आल्या, त्या ठेवल्यात काढून."

"जादा कशा येतील, गुंडूभाऊ? कंपनीनं काय आहेर दिला व्हता?"

पत्र्या कोनाड्यात सापडल्या. प्रसेनजीतनं त्या जागेवर घालून पंप बसवला आणि त्याच्या तोंडाची नळी सोडली. आता एकानं मोठं चाक हातानं सावकाश फिरवायचं, दुसऱ्यानं पंपाच्या तोंडाशी नजर लावायची. डिझेल हललं रे हललं की चाक थांबवायचं आणि चाकावरची खूण जागेवर आली का बघायची. गुंडूचा हात दरवेळी पुढं जात होता.

तिकडं हॉलमध्ये, नवरदेव मागच्या दारानं गेला, अशी कुजबुज सुरू झाली. आचाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तो पळाला होता. जयसिंगराव हुपरीची चार माणसं घेऊन तरातरा मागं आले. त्यांचा चेहरा बघून गुंडूनं चाक सोडलं आणि तो भिंतीला चिकटला.

प्रसेनजीतची नजर पंपावरून हलली नव्हती.

"सोडलंस का? धर की!"

जयसिंगरावांनी आजूबाजूला पाहिलं. चाकाजवळ दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी चाक धरलं.

"सावकाश. आणखी. आणखी... थांब! थांब म्हटलं की थांबायचं! तुला काय गाडी पकडायची हाय?"

चारी माणसं जमिनीकडं बघू लागली. जयसिंगरावांवर असं आजवर डेपो मॅनेजरही ओरडला नव्हता. खूण बघायला प्रसेनजीतनं मान वर केली, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

जयसिंगरावांनी चाक सोडलं नाही. घामाचा थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्याशी लोंबत होता.

"मागं घेऊ?" त्यांनी विचारलं. थेट त्यालाच.

"घ्या... घ्या, मामा. थोडं मागं, मग परत पुढं."

"ते थांब-बिंब म्हणू नका. नुसतं बेल म्हणा. बेल मला कळती."

चाक मुंगीच्या चालीनं फिरू लागलं. भिंतीला चिकटलेला गुंडूसुद्धा श्वास रोखून बघत होता.

"बेल!"

चाक जागच्या जागी थांबलं. खूण बरोबर समोर होती.

नळी आवळून हँडल मारलं तसं इंजिन एका दमात सुरू झालं आणि संथ, एकसारखं चालू लागलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तेवढ्यात आक्काताई दारात आली. लेकाच्या पांढऱ्या जाकिटावर छातीपासून खिशापर्यंत काळा पट्टा उठला होता. तिनं बोलायला तोंड उघडलं.

जयसिंगराव मध्ये आले.

"विहीणबाई, त्यांना काय बोलू नका. मीच बोलावलंतं त्यास्नी."

आक्काताईनं त्यांच्या काळ्या हातांकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं, आणि पदरानं जाकीट पुसत, तो पट्टा आणखी पसरवत, त्याला आत घेऊन गेली. चार माणसंही त्यांच्या मागून गेली. जयसिंगराव इंजिनापाशीच थांबले.

आत पंचशील पुन्हा सुरू झालं, आणि बाहेर गल्लीतला दिवा भरदुपारी पेटला.

"लाईट आली की, पावणं," गुंडू म्हणाला. "करू बंद?"

"चालू दे."

"आता उगं कशाला?"

जयसिंगरावांनी आत डोकावलं. स्टेजवर दोघं हात जोडून उभी होती.

"चालू दे रे," ते म्हणाले. "कानाला बरं वाटतंय."