बारीक अक्षरातला तांडा

या कामातून देविदासला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. अकरा महिन्यांचा करार. हिंगोलीच्या शिक्षण कार्यालयात पंख्याखालची खुर्ची. आजवर तो डीटीपीच्या दुकानात स्टुलावर बसत आला होता. जवळच्या गोरेगावची सोयरीक अडून बसली होती, तिला 'पोरगं हापिसात आहे' एवढं सांगायची सोय. आणि त्यानं कुणाजवळ बोलून न दाखवलेली एक बाब अशी, की अव्वल कारकून विष्णुपंतांनी चारचौघांत त्याला 'ए कॉम्प्युटर' न म्हणता नावानं हाक मारावी. माणूस एवढ्यासाठी बरंच काही करतो.

काम असं होतं. शाळांचा वार्षिक आराखडा दरवर्षी छापखान्यात जुळून दोनशे पानांचं पुस्तक होऊन यायचा. कोणत्या गावाला खोली हवी, कुठे वर्ग वाढवायचा, सगळं त्यात. दोन हजार पाच साली नवे साहेब आले. ते पुस्तक वाचणाऱ्यांतले नव्हते. मला पडद्यावर दाखवा, म्हणाले. कार्यालयातल्या टंकलेखक बाईंनी दोन दिवसांत अकरा पानं स्लाइडवर उतरवली आणि मान धरली म्हणून रजा टाकली. तेव्हा विष्णुपंतांनी देविदासला गाठलं.

देविदासनं छापखान्याची मूळ फाइल मागवली. त्या फाइलीत प्रत्येक ओळीला तिच्या अक्षराच्या आकाराची खूण होती. त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. जाड अक्षर दिसलं की नवी स्लाइड आणि तेच तिचं शीर्षक. मधलं अक्षर म्हणजे त्याखालचे मुद्दे. बारीक अक्षर म्हणजे तळटीप, ती सोडून द्यायची. पहिली दहा पानं चालवून पाहिली, ती शहरालगतच्या गावांची होती. बरोबर उतरली. मग सगळं पुस्तक लावलं. सात मिनिटांत एकशे चौतीस स्लाइडा. पुस्तकातली जाड शीर्षकं मोजली, तीही एकशे चौतीसच.

विष्णुपंतांनी घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं? मग उरलेल्या अकरा महिन्यांचा पगार तुला कशाचा द्यायचा रे?"

देविदास हसला, पण त्याचं लक्ष पान एकशे त्रेसष्टकडे होतं. त्या पानावर त्याचा तांडा होता. साखऱ्याजवळच्या देवला नाईक तांड्यावर शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला ओढा ओलांडून साखऱ्याला जावं लागे, आणि आखाडापासून दिवाळीपर्यंत ओढा पोरींना जाऊ देत नसे. यंदा अकरा पोरी चौथी पास झाल्या होत्या. त्यांत देविदासची धाकटी बहीण निलम. पाचवीच्या वर्गाचा अर्ज त्यानं स्वतः लिहून दिला होता, आणि छापलेलं पान घरी नेऊन दाखवलं होतं. आई जिवनबाईनं सरळ सांगून टाकलं होतं, की तांड्यावर वर्ग आला तर पोरगी शिकंल, नाही आला तर दसऱ्यानंतर तिच्यासंगं वसमतकडे ऊस तोडायला येईल. एकटं पोरीचं लेकरू ती मागं ठेवणार नव्हती.

बैठक मे महिन्यात, भरदुपारी झाली. देविदास लॅपटॉपपाशी, शेजारी पेन्सिल घेऊन विष्णुपंत. एकेक स्लाइड यायची, साहेब 'ठीक' म्हणायचे, विष्णुपंत टिक करायचे. सेनगाव तालुका लागला. साखरा आलं. छत गळतं, कुंपण हवं. दोनच मुद्दे.

देविदासचं बोट बटणावर थबकलं. त्यानं मांडीवरचं पुस्तक उघडलं. तांडा होता, साखऱ्याच्या खाली, थोडा आत सरकवून, बारीक अक्षरात. महसुलाच्या यादीत तांड्याला स्वतंत्र गाव मानत नाहीत, म्हणून तो मूळ गावाच्या पोटात बारीक जुळवायचा, ही विष्णुपंतांची छापखान्याला कायमची सूचना. दुकानात बसून देविदासनं स्वतः अशी कितीतरी पानं जुळवली होती. हाताला इतकी सवय, की डोक्यानं कधी विचारलंच नाही.

"पंत," तो हळूच म्हणाला, "तांडा न्हाई आला."

"कुठला?"

"आमचा. म्हंजे सगळेच."

विष्णुपंतांची पेन्सिल थांबली. "किती?"

"एकतीस."

विष्णुपंतांनी समोर साहेबांकडे पाहिलं आणि ओठ न हलवता, पुटपुटत सगळं समजावलं. आता बोललास तर साहेब विचारणार, एकतीस गाळले तर आणखी काय गाळलं? बैठक उठेल, तुझा करारही उठेल. तांडे पुरवणीत घालू. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेनं म्हणाले, "पुढची घे, देविदास."

त्यानं बटण दाबलं.

साहेब खूश झाले. इतकी आटोपशीर बैठक त्यांनी पाहिली नव्हती. स्लाइडा छापून इतिवृत्ताला जोडल्या गेल्या, आणि पडद्यावर होतं तेवढंच मंजूर ठरलं. पुरवणीसाठी देविदास तीनदा विष्णुपंतांपुढं जाऊन उभा राहिला. त्यांनीही शब्द पाळला, फाइल वर पाठवली. ती आठव्या दिवशी परत आली. सादर आराखड्यात समावेश नाही, पुढील वर्षी विचार व्हावा.

जून उलटला. निलमनं नवं दप्तर खुंटीवरून काढलं नाही, रडलीही नाही. एका रविवारी देविदास जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं.

"भिया, पुस्तकात तर आपलं नाव व्हतं ना?"

"व्हतं. पडद्यावर न्हवतं."

"पडद्यावर कोन टाकते?"

देविदासनं भाकरी मोडली, तशीच ठेवली. "मीच टाकतो."

"मंग काहून न्हाई टाकलं?"

चुकलं, असं तो म्हणाला. ते खरं होतं. दिसलं तेव्हा गप्प बसलो, हेही खरं होतं. ते त्यानं सांगितलं नाही. जिवनबाईनं चुलीपाशी पाठ फिरवलेली होती. दसरा झाल्यावर माय-लेकी टोळीबरोबर गेल्या.

पुढच्या वर्षी देविदासनं प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या. बारीक अक्षर आत सरकलेलं असेल तर त्यालाही स्वतःची स्लाइड. एकतीस तांडे पडद्यावर आले, साहेब एकतीस वेळा 'ठीक' म्हणाले, आणि जूनमध्ये देवला नाईक तांड्यावर पाचवीचा वर्ग भरला. तोवर जिवनबाईनं मुकादमाला पुढच्या हंगामाचा शब्द देऊन टाकला होता, आणि त्या शब्दात निलमचे दोन हात धरलेले होते.

तर जमाखर्च असा. साहेबांना शाबासकी मिळाली. विष्णुपंत स्वच्छ शेऱ्यानिशी निवृत्त झाले. देविदासला करार मिळाला, तो दोनदा वाढला, सोयरीकही झाली. अकरा पोरींपैकी चार जणी वर्षभर थांबून पाचवीत बसल्या. राहिल्या सात. भरपाई त्यांनी केली, आणि त्यांत निलम होती.