कंदावरची तारीख

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तिला तीन गोष्टी सांगण्यात आल्या. गॅसचा मागचा बर्नर भडकतो, बाथरूमचं दार उचलून लावावं लागतं, आणि बारकीसमोर तिच्या आईचा विषय काढायचा नाही. पहिल्या दोन नवऱ्याने सांगितल्या. तिसरी नणंदेने सांगितली, दाराआड नेऊन.

नणंद तिला 'लॅबवाली' म्हणे. पाठीमागे म्हणाली असती तर रागावता आलं असतं, पण ती तोंडावरच म्हणायची. शिवाय ते खोटंही नव्हतं. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सोळा वर्षं काढून चाळिशीत तिने हे पहिलं लग्न केलं होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि पहिल्या बायकोची, बारा वर्षांची मुलगी होती. ती बारकी. पोरगी भांडत नसे, रुसत नसे, उलट उत्तर देत नसे. विचारलं तेवढं सांगायची आणि आपल्या खोलीत जायची. भांडली असती तर बरं, असं लॅबवालीला वाटे. भांडायला माणूस निदान समोर तरी उभं राहतं.

बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. सात-आठ मासे, आणि एक झाड. तळाच्या वाळूतल्या कंदातून निघालेली त्याची लांब पानं पार पाण्याच्या वरपर्यंत पोचलेली, कडेला चुण्या पडलेली, आरपार दिसतील इतकी पातळ. बारकी जन्मली त्या वर्षी तिच्या आईने हा कंद लावला, असं चष्मेवाला आल्यागेल्याला सांगायचा. नंबर काढता काढता गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा, आणि बिचारी भिंगं डोळ्यांवर घेऊन बसलेली, पळणार कुठे? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. झाड होतं.

यंदा मात्र पानं पिवळी पडायला लागली. आधी बाहेरची, मग आतली. बारकी शाळेतून आली की टाकीसमोर बसून बघत राहायची. एका सकाळी चष्मेवाल्याने बायकोला ओट्याशी गाठलं.

"काहीही कर, पण ते झाड जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला. "पोरगी सहन करणार नाही."

हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. नवी आली आणि आईचं झाड मेलं, एवढी जोडाजोड बारा वर्षांच्या मुलीला कुणी शिकवावी लागत नाही. झाड गेलं तर ही पोरगी आपली कधीच होणार नाही, अशी तिची खात्री झाली होती.

लॅबजवळ मासे विकणाऱ्याचं दुकान होतं. त्या माणसाने तिला धीर दिला. झाड मेलेलं नाही, म्हणाला, झोपायला निघालंय. या जातीच्या कंदाला वर्षातून दोन महिने निजू द्यावं लागतं. काढायचा, धुवायचा, ओल्या शेवाळात गुंडाळून डबीत घालायचा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचा. नाहीतर पाण्यातच दमून कुजतो. तिचा जीव भांड्यात पडला.

बारकी शाळेत असताना तिने कंद काढला. आल्याच्या तुकड्याएवढा, काळपट, केसाळ. घरच्या फ्रिजमध्ये ठेवावा तर पोरीच्या हाती लागणार, आणि मग विषय निघणार. म्हणून तिने तो लॅबमध्ये नेला आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या खणात ठेवला. संध्याकाळी तिने बारकीला एवढंच सांगितलं, की झाडाला विश्रांती दिली आहे, दोन महिन्यांनी परत लावू. बारकी "बरं" म्हणाली.

आता सोळा वर्षांची सवय म्हणजे काय चीज असते पाहा. डबी फ्रिजमध्ये ठेवताना तिच्या हाताने आपण होऊन चिठ्ठी घेतली, तिच्यावर बारकीचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि तारीख घातली. चिठ्ठीशिवाय त्या फ्रिजमध्ये काही ठेवणं तिला जमलंच नसतं. सात दिवसांवरचे नमुने आठव्या दिवशी टाकून द्यावेत, असा कागद त्याच फ्रिजच्या दारावर लावलेला होता. तोही तिनेच लावलेला, तिच्याच वळणदार अक्षरात.

आठव्या दिवशी तिची सुट्टी होती. नवव्या दिवशी लॅबमधल्या जोडीदारणीने कौतुकाच्या अपेक्षेने सांगितलं, की सगळे जुने नमुने काढले, अगदी तळाच्या खणातली डबीसुद्धा. काय वास मारत होती हो. कचऱ्याची गाडी आदल्या संध्याकाळीच येऊन गेली होती.

तारीख घातली नसती तर कंद वाचला असता. लॅबवाली रक्ताच्या नळ्यांसमोर बसली आणि चांगली रडली. मग तोंड धुऊन कामाला लागली, कारण बाहेर अकरा माणसं उपाशीपोटी खोळंबली होती.

पुढचे सात आठवडे तिने मूग गिळून काढले. मग त्याच दुकानातून त्याच जातीचा नवा कंद आणला. पुरू नका, नुसता वाळूवर ठेवा, असं दुकानदाराने बजावलं होतं. कंद तीन दिवस पाण्यावर तरंगला, चौथ्या दिवशी तळाला बसला, आणि आठवड्याभरात त्याला गुलाबीसर कोंब फुटला. महिन्याभरात पानं हातभर झाली. चष्मेवाल्याने बहिणीला फोन लावला. "तिचं झाड परत आलं," तो म्हणाला. रात्रीच्या भाजीसाठी आत कांदा चिरणाऱ्या लॅबवालीने ते ऐकलं. तिला स्वतःची लाज वाटली. मेलेल्या बाईच्या नावावर आपण भलताच माल खपवला, असं वाटलं.

नवऱ्याला सांगायचा धीर नव्हता. पण पोरीला फसवून तिची माया मिळाली, तर ती माया आपली नव्हेच. सांगितल्यावर जे व्हायचं ते होवो.

रविवारी दुपारी ती टाकीतलं थोडं पाणी बदलत होती. बारकी नळीचं एक टोक बादलीत धरून बसली होती. चष्मेवाला आत झोपला होता. लॅबवालीने नळीकडे बघतच सगळं सांगून टाकलं: डबी, चिठ्ठी, तारीख, गाडी, नवा कंद.

बारकीने बादली जरा सरकवली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तो कुजतोच दरवर्षी. आई नवा आणायची."

"आई?"

"एकदा तिने पण काढून ठेवला होता, कपाटात. वाळून सुपारी झाला. मग ती नवाच आणायला लागली. बाबांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. ते सगळ्यांना सांगत फिरायचे ना."

लॅबवालीने मनात वर्षं मोजली. मग तिच्या लक्षात आलं, की आईला जाऊन तीन वर्षं झाली आहेत.

"आणि नंतर?" तिने विचारलं.

"नंतर मी आणायचे. शाळेकडच्या दुकानातून. बाबा दुकानात गेले की लावायचे, आणि जुनी पानं छाटली असं त्यांना सांगायचे." बारकी पाण्याकडे बघत होती. "यंदाही आणणार होते. तर म्हणे विश्रांती दिली आहे."

नऊ वर्षांची पोर एकटी वाळूत हात घालून बापासाठी आईचं झाड जिवंत ठेवते आहे, हे चित्र लॅबवालीच्या डोळ्यांपुढे आलं. या घरात ज्याला त्याला दुसऱ्याची काळजी, आणि म्हणून कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

बादली भरली. दोघींनी मिळून ती मोरीत नेऊन ओतली. परत आल्या तेव्हा चष्मेवाला डोळे चोळत टाकीपुढे उभा होता.

"तेरावं वर्ष लागेल आता," तो म्हणाला. "काय चिवट आहे बघा."

"हो ना बाबा," बारकी म्हणाली.

मग तिने लॅबवालीकडे पाहिलं आणि ती काय म्हणते याची वाट बघत थांबली.

"कंदच तसा आहे," ती म्हणाली.

चष्मेवाला चहा टाकायला आत गेला. बारकीने नळी गुंडाळून तिच्या हातात दिली.

"पुढच्या वर्षी तूच आण," ती हळूच म्हणाली. "मला एकटीला फार भीती वाटायची."