सहाव्या धड्यातलं गणित

अनिसेत मसावेंनी सत्तावीस या आकड्याभोवती लाल शाईने एक गोल काढला. मग त्या गोलाभोवती आणखी एक काढला. कितीतरी आठवड्यांनी त्यांना मनापासून बरं वाटलं.

गणित तसं साधं होतं. मक्याच्या एक हेक्टर शेताला साठ किलो नत्र द्यायचं आहे, युरियात शेकडा सेहेचाळीस भाग नत्र असतं, तर युरिया किती लागेल? उत्तर छापलं होतं, सत्तावीस किलो सहाशे ग्रॅम. जिथे भागाकार करायचा तिथे बाईंनी चक्क गुणाकार केला होता! खरं उत्तर एकशे तीस किलोच्या घरात जातं.

"परदेशातली पीएच.डी.," मसावे खिडकीबाहेरच्या डोंगराला म्हणाले, "आणि शाळकरी पोराचं गणित येत नाही."

बाई म्हणजे झुहुरा मकुदे. एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी. आता मोरोगोरोच्या या दूरशिक्षण विद्यापीठात त्यांच्या शेजारच्या खोलीत बसायची, आणि रोज सकाळी व्हरांड्यात भेटली की मान लववून "शिकामू, म्वालिमू" म्हणायची, म्हणजे नमस्कार, गुरुजी. धाकट्याने शिकामू म्हटलं की मोठ्याने मराहाबा म्हणायचं, एवढा साधा रिवाज. पण मसावेंना हल्ली नेमका त्याच क्षणी खोकला यायचा.

खोकल्याला कारण होतं. एकोणीस वर्षं मसावेंचं 'माती आणि खते' हे पुस्तक बसच्या टपांवरून, टपालाच्या थैल्यांतून देशभरच्या केंद्रांवर जात होतं. मलपृष्ठावर त्यांचा टाय लावलेला फोटो. कुठल्याही आडगावच्या शेतकी कचेरीत ते शिरले की कुणीतरी खुर्ची सोडून उठायचं, "अरे, हे तर पुस्तकातले म्वालिमू!" पोरं शिकली, लग्न होऊन गेली, बायको वारली, या सगळ्यात तो फोटो मात्र तसाच देशभर फिरत राहिला होता.

आणि दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने ठरवलं की आता आपली पुस्तकं आपण छापायची नाहीत. जगात जी पुस्तकं सर्वांसाठी खुली आहेत, ज्यांत हवा तो बदल करायची लेखकांनीच परवानगी दिलेली आहे, ती घ्यायची, त्यांत आपली माती, आपली पिकं घालायची आणि विद्यार्थ्यांच्या फोनवर फुकट पाठवायची. हे काम झुहुराकडे आलं. झुहुराला नैरोबीहून बोलावणी आली, अक्राहून आली. शिपाई चहा आधी तिच्या खोलीत नेऊ लागला. आणि बदलायचं पहिलं पुस्तक म्हणून निवडलं गेलं ते 'माती आणि खते'. नव्या पुस्तकाच्या पाठीवर कुणाचाच फोटो नव्हता, एक गांडूळ होतं. लेखकांची नावं अगदी शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मसावे जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही, आणि त्यांनाही तो ठाऊक होता.

त्यातून नियम असा, की खुलं पुस्तक स्वीकारण्याआधी एका ज्येष्ठ अध्यापकाने ते वाचून अहवाल द्यायचा. झुहुराने स्वतः त्यांचं नाव सुचवलं. हे म्हणजे जखमेवर मीठ चोळणं झालं. तरी त्यांनी होकार दिला, आणि पंधरा दिवस लाल पेन घेऊन ते त्या मसुद्यावर डोळ्यांत तेल घालून बसले. पाच धडे झाले तरी खोट सापडेना. सहावा धडा तर इतका सुरेख लिहिलेला, की ही भाषा हिची नव्हेच, कुणातरी जुन्या जाणत्या माणसाची हिने उचललेली आहे, अशी त्यांची खात्री पटली. कुणाची ते शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं. पण ते पान उघडायला त्यांचा हात धजत नव्हता. आपलं नाव तिथे नसणार, हे आणखी डोळ्यांनी कशाला बघायचं? आणि त्या सुरेख धड्याच्या अखेरीस हे गणित!

चूक सापडली तर आधी लिहिणाऱ्याला खासगीत सांगायची, हा अध्यापकांमधला रिवाज तरुणांना मसावेंनीच घालून दिलेला. सोमवारी गणित सापडलं. मंगळवारी व्हरांड्यात झुहुरा थांबली.

"काही विचारायचंय का, म्वालिमू? मसुद्याबद्दल?"

"अहवालात येईल," मसावे म्हणाले.

बुधवारीही ती थांबली. मसावे खोकून पुढे गेले.

गुरुवारी दहा वाजता बैठक भरली. आल्याचा चहा आला, गरम तळलेल्या मांडाझी आल्या. अध्यक्षस्थानी किसांगाबाई होत्या, टेबलाभोवती निम्मा विभाग, त्यांतले बरेचसे याच विद्यापीठाच्या केंद्रांवर शिकून वर आलेले. मसावेंनी अहवाल सावकाश वाचला. चित्रांची स्तुती केली, भाषेची केली, आणि मग चष्मा वर सरकवला.

"आता पान एकशे बारा. साठ किलो नत्रासाठी म्हणे सत्तावीस किलो युरिया. या हिशेबाने खत घातलं तर शेतकऱ्याचा मका कमरेच्या वर जायचा नाही. मी काय म्हणतो, पुस्तक खुलं असावं, फुकट असावं, सगळं मान्य. पण ज्याला भागाकार येत नाही त्याने निदान पुस्तक तरी लिहू नये."

ते हसले. त्यांच्याबरोबर कुणीतरी हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. कोणी हसलं नाही. समोरच्या एकाने मांडाझी चहात बुडवली होती. ती भिजून, तुटून कपात पडली तरी तो नुसती बोटं धरून बसला होता. किसांगाबाई कागदांत काहीतरी शोधू लागल्या.

"एकशे बारा ना, म्वालिमू?" झुहुराने विचारलं. तिचा चेहरा पडला नव्हता, की लाल झाला नव्हता. "दुरुस्ती तुमच्या नावाने लिहून घेते."

"बरं झालं तुम्ही पाहिलंत," किसांगाबाई म्हणाल्या. आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात. आणि त्या एका दुरुस्तीसह पुस्तक मंजूर झालं.

मसावे बाहेर आले ते चडफडतच. एवढा नेमका बाण, आणि लागला कुठेच नाही! त्यांना आता एकच गोष्ट करावीशी वाटत होती. आपलं पुस्तक काढून तेच गणित आपण कसं चोख सोडवलंय, ते बघायचं. घरातली त्यांची प्रत कधीच वाळवीने खाल्ली होती, आणि छापून आल्यावर त्यांनी ती पुन्हा उघडलीही नव्हती. तेव्हा ते तळमजल्यावरच्या भांडारात गेले. सगळ्या केंद्रांवरून परत मागवलेल्या जुन्या प्रती तिथे गठ्ठे बांधून पडल्या होत्या, शनिवारी रद्दीत जायच्या होत्या.

"तुमचीच लेकरं, म्वालिमू," भांडारवाला म्हातारा पाझी म्हणाला. "हवी तेवढी घरी न्या. शनिवारनंतर माझ्या नावाने रडू नका म्हणजे झालं."

मसावेंनी एक प्रत उपसली, धूळ झटकली आणि सहावा धडा उघडला. पहिल्याच वाक्याला त्यांची मान ताठ झाली. हे वाक्य त्यांनी याच आठवड्यात वाचलं होतं. त्याच्या पुढचंही. सगळा धडा शब्दाला शब्द तोच होता, जुन्या जाणत्या माणसाचा. त्यांनी घाईघाईने पानं उलटली. धड्याच्या अखेरीस सत्तावीस किलो सहाशे ग्रॅम छापलेलं होतं, ते पेन्सिलीने खोडलं होतं, आणि बाजूला लिहिलं होतं, १३०.

त्यांनी दुसरी प्रत काढली. तिथे बॉलपेनने, १३०. तिसरीत खाडाखोड करून, १३०. चौथीत नीट चौकट आखून.

"ते होय?" पाझीने डोकावून पाहिलं. "ते तर सगळ्याच प्रतींत आहे. केंद्रावर पहिल्या दिवशी सांगतात ना. पुस्तक घ्या, पहिल्या पानावर नाव घाला, सहाव्या धड्यातलं गणित नीट करा. माझ्या पुतणीनेही केलंय. किलोसाच्या केंद्रावरून निघालं म्हणे हे, अगदी सुरुवातीला."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हांला?" पाझी खरोखरच चकित झाला. "तुम्हांला कोण सांगणार, म्वालिमू?"

मसावे गठ्ठ्यावर बसले. एकोणीस वर्षं. खुर्च्या सोडून उठणारी ती माणसं, त्या सगळ्यांनी आधी पेन्सिल काढून त्यांची चूक खोडली होती आणि मग उठून नमस्कार केला होता. लाजेने त्यांचे कान तापले. आणि लगेच दुसरा विचार आला: झुहुरा याच पुस्तकावर शिकली. किलोसाची ती. मग लाजेचा राग व्हायला वेळ लागला नाही. त्यांनी किलोसाच्या गठ्ठ्यातली सगळ्यांत जुनी प्रत शोधून काढली, काखेत मारली आणि जिने चढून तिच्या खोलीत गेले.

"शिकामू, म्वालिमू."

त्यांनी पुस्तक तिच्या टेबलावर आपटलं. "तुला माहीत होतं."

"हो."

"मग ठेवलंस कशाला ते? चारचौघांत माझं हसं करायला?"

"तुम्ही मला आधी सांगाल असं वाटलं होतं," झुहुरा म्हणाली. "मंगळवारी थांबले. काल थांबले. आधी लिहिणाऱ्याला सांगायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना."

 मसावे खुर्चीवर बसले.

"स्वतः नीट करून टाकायचं होतंस मग."

तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथे जो बदल करतो त्याचं नाव खाली आपोआप येतं. आधी काय होतं तेही दिसतं. कायमचं, आणि सगळ्या जगाला. मी हात लावला असता तर काय दिसलं असतं? मसावेंची चूक, दुरुस्ती मकुदे. ते मला नको होतं."

पडद्यावर शेवटचं पान उघडं होतं. मुंगीएवढी अक्षरं तिने मोठी केली. सहावा धडा, मूळ लेखन: अनिसेत मसावे. दुरुस्ती: अनिसेत मसावे.

मसावेंनी ते दोनदा वाचलं. आपलं नाव तिथे पहिल्यापासून होतं, एक पान उलटायचा तेवढा अवकाश होता. तिने त्यांना मान खाली घालायची वेळ येऊ दिली नव्हती. आणि एवढं मोठं मन तिला परवडत होतं, याचाही त्यांना हेवा वाटला. तो वाटल्यावर मात्र त्यांना स्वतःचाच कंटाळा आला.

"दुरुस्ती माझी नाही," ते म्हणाले.

"मग कुणाची लिहू?"

मसावेंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि टेबलावरचं पुस्तक पहिल्या पानाशी उघडलं. एकाखाली एक नावं होती, प्रत्येकापुढे वर्ष.

"घे लिहून. होसिया लुकाली. क्लेमेन्सिया म्बेना. रशीदी चाकुपेवा. पुढच्याचं अक्षर लागत नाही, थांब... देओग्रातियास. देओग्रातियास मसिका."

ती टंकत गेली. नावं अकरा झाली. मसावेंनी पुस्तक मिटलं नाही.

"झाली?" तिने विचारलं.

"एक राहिलं. सगळ्यांत वरचं."

ते नाव हिरव्या शाईत होतं, आणि त्याच हिरव्या शाईत आत सहाव्या धड्याच्या अखेरीस १३० लिहिलेलं होतं; बाकीच्यांनी त्याखाली आपापल्या शाईने खुणा केल्या होत्या. झुहुराने पानाकडे पाहिलं आणि कळफलकावरून हात काढून घेतले.

"ते राहू दे, म्वालिमू. वीस वर्षांची होते मी. आगाऊपणा होता."

मसावेंचं बोट त्या नावावर टेकलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला, रोज सकाळी येतो तसाच.

"झुहुरा मकुदे, किलोसा," ते म्हणाले. "लिही. खाली नको. पहिलं."