सहाव्या खोबणीतलं कुंकू

आमच्याकडे बारसं असो, साखरपुडा असो की लग्न, जेवणं उरकली की पानाचं तबक फिरतं आणि त्याच्या मागोमाग "मेघनाने कॉम्प्युटर मोडला" ही गोष्ट फिरते. मेघना म्हणजे मी. जन्म गेला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात, पण डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत माझी कीर्ती एवढीच.

तो कॉम्प्युटर मामाने आणला होता. मामा बोटीवर होता. कीबोर्डाच्या पोटातच सगळं यंत्र, वायर टीव्हीला लावायची की झालं. मी तेव्हा आठवीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाढे विचारणारा प्रोग्राम टाइप करत बसले होते, तर पडद्यावर अचानक चौकड्याच चौकड्या! प्रफुल्लदादा, माझा मोठा भाऊ, दारातूनच बोंबलला, "बाबा, मेघीने मशीन जाळलं!"

बाबा गिरणीत जॉबर, कामगारांवरचे मुकादम. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "चेडवाचो हात लागलो, मशीन रुसला." चेडू म्हणजे मुलगी. झालं! दादाला कॉम्प्युटर क्लास, मला शिवणक्लास. पुढे पॉलिटेक्निकात गेले ती रडून, भांडून, उपाशी राहून.

यंदा नवरात्रात दादा उगवला. लोअर परळला काचेच्या ऑफिसात तो कसलासा व्हाइस प्रेसिडेंट आहे. येताच पोटमाळ्यावरून खोकं काढलं.

"मेघू, एवढं चालू करून दे ना. दसऱ्याला ऑफिसात मांडायचंय. सगळ्यांना सांगून बसलोय, मी कोडिंग यावरच शिकलो."

कोडिंग! अरे, त्या मशीनवर हा बेडकाच्या उड्यांचा गेम खेळायचा आणि तिथेही हरायचा.

"मी मोडलेलं मीच दुरुस्त करू?"

"सोड ना यार, किती जुनी गोष्ट."

जुनी म्हणे! परवाच्या मे महिन्यात पुतणीच्या साखरपुड्यात यानेच हातवारे करून सांगितली होती. व्याही पोट धरून हसत होते आणि मी हातात आइस्क्रीम घेऊन बावळटासारखी उभी.

तरी मी हो म्हटलं. दादाच्या ऑफिसचं मला काय कौतुक? पण बाबा आता ऐंशीच्या पुढे गेलेत. माझ्या नावावरचा हा डाग त्यांनी लावला होता आणि तो त्यांच्याच समोर पुसला जायला हवा होता. ते गेल्यावर पुसून कुणाला दाखवू?

म्हणून काम माझ्या घरी नेलं नाही. चाळीतल्या खोलीतच, बाबांच्या खाटेसमोर टेबल मांडलं. मशीन टीव्हीला जोडलं. त्याच पडदाभर चौकड्या. मग मेमरी तपासणारं कार्ट्रिज मागच्या खाचेत लावलं. या मशीनमध्ये मेमरीच्या आठ चिप असतात, प्रत्येक चिप आपापल्या खोबणीत बसवलेली. तपासणीत सात पास, सहावी नापास.

"म्हणजे चिप जळलेली," दादा खुशीत म्हणाला. "कुणीतरी जाळलेली."

"गप रे, दीडशहाण्या."

मी मशीन बंद केलं. सहावी चिप उपटून तिसरीच्या जागी लावली, तिसरी सहावीच्या. चिप खराब असती तर आता तिसरी जागा नापास व्हायला हवी होती. पुन्हा तपासलं. नापास सहावी जागाच! म्हणजे चिप ठणठणीत आणि बिघाड खोबणीत.

खोबणीवर भिंग धरलं. पितळी पायांवर हिरवा गंज, त्यावर लाल खपली आणि खपलीत चिकटलेला तांदळाचा अर्धा दाणा. वर पाहिलं तर बरोबर त्याच जागी झाकणाला हवेची जाळी. आमच्या घरी दसऱ्याला यंत्र पुजल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. बाबांनी गिरणीतल्या साच्याला, म्हणजे मागाला, लावायचे तसंच ओलं कुंकू या मशीनलाही लावलं होतं. वर अक्षता टाकल्या आणि फुलाने पाणी शिंपडलं, मनापासून, अगदी भरपूर.

"बाबा, बघा!" माझा आवाज चढला. "तुमचं कुंकू! मी नाही मोडलं. माझा हात लागण्याच्या आदल्या दिवशीच याची वाट लागली होती!"

बाबांनी भिंगातून खूप वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "तुका कोण काय बोललो गो?"

"तुम्ही! तुम्हीच बोललात!"

"मी? मी कित्याक बोलतलंय?"

आणि दादा! "बघ, मी तर तेव्हापासून सांगतोय, यात मेघूची चूक नव्हती."

चोराच्या उलट्या बोंबा! अख्खं आयुष्य ज्या आळावर भांडले, तो आळ घेतलाच नव्हता म्हणे. मशीनची मेमरी दुरुस्त होते हो, पण या बापलेकांना कुठलं कार्ट्रिज लावू? मला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर आलं याचा आणखी राग आला. खोबणी बदलली. पडदा स्वच्छ झाला. हत्यारं पिशवीत भरली आणि मी घरी निघून आले.

दसऱ्याच्या पूजेला मी पुन्हा चाळीत गेले. मशीन न्यायला दादा सुटाबुटात गाडी घेऊन आला. निघण्याआधी बाबा पूजेचं ताट घेऊन उठले. शिलाई मशीन, मिक्सर, माझा मल्टिमीटर, एकेक पुजत कॉम्प्युटरपाशी आले. ओल्या कुंकवात बोटं बुडवली. बोटं जाळीच्या वर नेली.

मी ओरडले नाही. म्हटलं, बघूया तरी काय आठवतंय.

बोटं तिथेच थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोच हात वळवून स्वतःच्या कानाची पाळी धरली. घट्ट. सोडली तेव्हा कान लालभडक.

"मी बोललंय, गो," ते म्हणाले. "माका सगळा आठवता."

दारात शेजारची सुंदराबाई आणि तिच्यामागे गॅलरीभर लोक आपट्याची पानं घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर बाबांनी ताट दादापुढे धरलं. "घे, बुडव बोट. तुझो कान खंय आसा?"

दादाने सूटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, शेवटी केविलवाणा होऊन एका कानाला हात लावला.

"एक नाही, दादा," मी म्हटलं. "दोन्ही धर. आणि मग जा ऑफिसात."